पूर्वेच्या बारा ओळी

बाजूला बसलेल्या बाईला चार दिवस विश्रांती मिळते असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमची बायजाआत्या बघितलेली नाही. चूल, पाणी, देव आणि माणसं यांना शिवायचं नाही, गोठ्याच्या पडवीत घोंगडीवर निजायचं, एवढं खरं. पण गोवऱ्या थापायच्या, वैरण तोडायची, माळावर जाऊन काटक्या वेचायच्या, ही कामं असायचीच, कारण गोवरीला आणि काटकीला विटाळ होत नसे. विटाळ व्हायचा तो बियाण्याला, लोणच्याला, आणि सगळ्यात जास्त फुलावर आलेल्या पिकाला. हे कुणी ठरवलं, असं मी आत्याला एकदा विचारलं होतं. "तुज्या बानं न्हाय ठरवलं," ती म्हणाली, "म्हनून गप ऱ्हा." आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि तेव्हापासून घराची किल्ली तिच्या कमरेला होती. तिच्यापुढं माझे वडील, ज्यांना सगळी वाडी तात्या म्हणायची आणि मीही तात्याच म्हणत असे, ते सुद्धा आवाज खाली करून बोलायचे.

भिगवण मागं टाकून इंदापूरच्या सडकेनं निघालं की लोणी देवकरच्या अलीकडं आमची वाडी होती. आता तिकडं कारखान्यांचे पत्रे चमकतात आणि भिगवणला लोक मासे खायला गाड्या घेऊन येतात. तेव्हा धरण झालेलं नव्हतं, भीमा आपल्या पात्रातच होती आणि आमच्याकडं होता नुसता मुरमाड माळ, एक विहीर आणि तिच्यावर चालणारी मोट. पहाटे मोटेचं चाक कुरकुरायला लागलं की आम्ही जागे व्हायचो. बारामतीकडच्या आमच्या पाहुण्यांना कालव्याचं पाणी होतं, ऊस होता. ते आले की आमच्या भाकरीकडं, हुलग्याच्या शेंगोळ्यांकडं जरा दयेनंच बघायचे, आणि वर तीन तीन वाट्या ओरपून जायचे. आमच्या माळावर एकच पीक मान वर काढून उभं राहायचं, ते भुईमूग. आई शेंगदाण्याचं कूट घालून अशी काही घट्ट आमटी करायची की तिच्यात भाकरीचा तुकडा उभा राहावा. वर करडईच्या तेलाची धार. आज माझा मुलगा डॉक्टरांचं नाव सांगून ती धार माझ्या ताटात पडू देत नाही. तो बाहेर गेला की मी घेते.

मी सातवीची फायनल पास झाले होते. वाडीतल्या मुलींत तेवढी शिकलेली मी एकटीच, आणि पुढची शाळा इंदापूरला, म्हणजे मुलीसाठी नव्हतीच. त्यामुळं मी घरी बसून लग्नाची वाट बघावी असा सगळ्यांचा बेत होता. तेवढ्यात आमच्याकडं नवीन ग्रामसेवक आले, लोणकर नावाचे. बारीक अंगाचे, सायकलवरून यायचे, आणि दर दोन वाक्यांमागं "म्हणजे शास्त्र असं आहे" म्हणायचे. त्यांनी तात्यांच्या माळावरच्या तुकड्यात उपट्या, म्हणजे झाडच उपटून काढायच्या भुईमुगाच्या नव्या बियाण्याचा प्लॉट घेतला. चोवीस ओळी. अट एकच होती. दर आठवड्याला पिकाची पाहणी करून वहीत लिहायचं: पाऊस किती झाला, फुलं कधी आली, पानं कशी आहेत. पीक सुधारलं तर तालुक्याचे शेतकी साहेब स्वतः बघायला येणार होते. तात्यांना सही करता यायची, तीही बैलाला वळवल्यासारखी, हळूहळू. लोणकरांनी विचारलं, घरात लिहिणारं कोण आहे? तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आत्याकडं बघितलं, मग हळूच म्हणाले, "हाय की आमची तारा."

ती वही मी कशी सांगू! निळ्या पुठ्ठ्याची, आत सरकारी रेघा. मी प्रत्येक ओळीतल्या दोन झाडांना लाल चिंधी बांधली आणि दर सोमवारी त्या झाडांपाशी उकिडवी बसून त्यांची पानं बघायची. घरात मला कुणी काही विचारत नसे. काय रांधायचं, कुणाकडं जायचं, माझं लग्न कुठं करायचं, यातलं काहीच. पण त्या वहीत मी लिहीन तेच खरं होतं. लोणकर ती वाचून मान डोलवायचे आणि मला "ताराबाई" म्हणायचे. सोळा वर्षांच्या मुलीला अहो-जाहो करणारा मी बघितलेला तो पहिला पुरुष, आणि मला ते फार आवडायचं, यात लाजण्यासारखं काही नाही.

फुलं आली आणि नागपंचमीच्या सुमाराला पानं बिघडायला लागली. आधी खालची पानं. कडेनं पिवळी रेघ, मग ती रेघ तपकिरी, मग कड करपून वाळलेली, मधला भाग मात्र हिरवाच. वरची कोवळी पानं धड दिसत होती. मी प्रत्येक ओळीतली करपलेली पानं मोजली, लिहिली, आणि लोणकरांना दाखवली. त्यांनी पुस्तिका उघडून तिथल्या तिथं सांगितलं, की हा रोग नव्हे, किडाही नव्हे. "म्हणजे शास्त्र असं आहे, ताराबाई, जमिनीत पालाश कमी आहे. खायला कमी पडलं की झाड खालच्या पानातलं काढून वरच्या कोवळ्या पानाला देतं. म्हणून आधी खालचं पान जळतं." पालाशचं, म्हणजे पोटॅशचं खत त्यांच्या डेपोत नव्हतं, केव्हा येईल ते सांगता येत नव्हतं. काही पानं त्यांनी कागदी पिशवीत भरून पुण्याला तपासायला पाठवली. जाता जाता सायकलवर टांग टाकत म्हणाले, "लाकडाच्या राखेत असतं पालाश. मिळाली तर बघा." आईला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "खालच्यानं उपाशी ऱ्हायाचं न् वरच्याला द्यायचं," ती म्हणाली, "म्हंजी बाईवानीच की गं." आणि हसली.

आत्या मात्र पुस्तिका बघून निदान करणारी नव्हती. ती बांधावर उभी राहिली, एक पान तोडून बोटात चुरडलं, आणि संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर बोलली. "तात्या, रानाला इटाळ झालाय. फुलावर आल्यालं पीक, त्यात ही घोडी सोमवार-मंगळवार बघत न्हाय, खुशाल हिंडतीया. हिची सावली पडलीया."

मी म्हटलं, "आत्या, मी त्या दिवसांत गेले न्हाय रानात. एकदाबी न्हाय."

आणि हे खरं होतं. तोवर मी नियम पाळला होता. वहीत त्या दोन सोमवारी कोरी जागा होती आणि लोणकरांना मी ताप आला होता असं सांगितलं होतं.

"मग पान उगंच करपलं व्हय? पानमळ्यात बघितलं न्हाय का, सावलीनं येल वाळत्यात?" आत्या म्हणाली. "ती वही दत्तूकडं द्या."

दत्तू म्हणजे माझा चुलतभाऊ. तो चौथीत दोनदा बसून तिथंच राहिला होता. तात्यांनी ताटातच बोटं फिरवली. ते वाईट नव्हते, पण बहिणीपुढं त्यांची मान वर होत नसे. शेवटी म्हणाले, "सायब यिऊन जाऊ दे. तवर हिच्याकडं ऱ्हाऊ दे. त्यांच्यासमोरच दत्तूकडं दिऊ, म्हंजी बरं दिसंल." म्हणजे माझी वही जायची ती साहेबांच्या साक्षीनं! वर आत्यानं हुकूम काढला, की तोवर मी प्लॉटच्या आत पाऊल टाकायचं नाही, बांधावरून काय दिसेल ते लिहायचं. आणि दुसऱ्या दिवशी तिनं गोमूत्र शिंपडून रान शुद्ध केलं. तांब्या मीच धरला होता. चोवीसच्या चोवीस ओळींना सारखं पडेल असं मी तिला फिरवलं. "आत्या, ही ओळ ऱ्हायली," असं म्हणत म्हणत. तिला वाटलं, पोरगी शहाणी झाली.

मी शहाणी झाले नव्हते. मला संताप आला होता, आणि संतापात माझं डोकं नेहमी चांगलं चालतं. सगळं रान सुधारलं असतं तर आत्या म्हणाली असती, गोमूत्रानं सुधारलं. सुधारलं नसतं तर माझ्या सावलीनं गेलं. म्हणून मी रान दोन भागांत वाटलं. पूर्वेच्या बारा ओळी आणि पश्चिमेच्या बारा. पश्चिमेला राख नाही आणि माझं पाऊलही नाही, एक दिवससुद्धा नाही. पूर्वेला राख घालायची, ती मीच घालायची, आणि घालायची ती बाजूला बसलेली असतानाच. सावलीनं पान जळत असेल तर पूर्वेचं जळून कोळसा होऊ दे. मग मी आपण होऊन वही दत्तूच्या हातात देईन, असं मी ठरवलं.

राख गोळा करणं ही काही सोपी गोष्ट नव्हती. आमच्या एका चुलीची राख भांडी घासायला आणि कडधान्याला लावायला जायची. मी वाडीतल्या पाच-सहा घरी दुपारच्या वेळी जाऊ लागले. दिवेलागणीनंतर राख कुणी देत नाही, लक्ष्मी जाते. "आमची भांडी लई काळी पडल्यात," एवढंच सांगायची. बायका सुपातून राख घालताना माझ्याकडं बघायच्या. पाच घरची राख लागण्याइतकी आमच्याकडं भांडी नव्हती हे त्यांना ठाऊक होतं. पण कुणी आत्याला जाऊन सांगितलं नाही. गोठ्यामागं एक फुटका रांजण होता तो भरत आला. आईनं तो बघितला, त्यात हात घालून राख चाळली, दोन निखारे विझलेले आहेत ना ते बघितलं, आणि वर गोणपाट टाकलं.

भिगवणच्या बाजाराच्या दिवशी माझा दुसरा दिवस होता. सगळी वाडी बाजाराला, आत्या बैलगाडीत पुढं बसून गेलेली. मी गोवऱ्या थापायच्या सोडल्या, पाटी भरली आणि दिवसाढवळ्या, उन्हात, माझी सावली माझ्या पायाशी घेऊन पूर्वेच्या पहिल्या ओळीत शिरले. खोटं कशाला सांगू, पहिलं पाऊल टाकताना मी डोळे मिटून घेतले. सोळा वर्षं जे कानात भरलेलं असतं ते एका पुस्तिकेनं निघत नाही. दुसऱ्या ओळीला ते उघडले. पाचव्या ओळीला मी मुद्दाम प्रत्येक झाडावरून सावली नेत चालले होते, आणि सातव्या ओळीला मोठ्यानं म्हटलं, "जळ बघू!" सहा पाट्या राख लागली. आऱ्या, म्हणजे फुलानंतर शेंग धरायला जमिनीत शिरणारे देठ, अजून मातीत उतरायच्या होत्या, त्यामुळं हातानं मुळाशी राख मिसळता आली. हात धुतले, परत येऊन उरलेल्या गोवऱ्या थापल्या. वहीत लिहिलं: पूर्वेच्या बारा ओळींना राख दिली. एवढंच. बाकीचं लिहायचं धाडस त्या दिवशी झालं नाही, आणि ते मला फार दिवस बोचलं.

तीन दिवसांनी पाऊस आला. मग मी वाट बघायला लागले, आणि काहीच होईना. करपलेली पानं करपलेलीच. आठवडा गेला, दहा दिवस गेले. आत्या बांधावरून बघून "जातंय हे रान" म्हणायची आणि मला रात्री जेवण जाईना. मला कळत नव्हतं ते हे, की जळलेलं पान पुन्हा हिरवं होतच नसतं. ते गेलं ते गेलंच. बघायचं ते त्याच्या नंतर आलेलं पान. हे माझं मलाच बांधावर बसल्या बसल्या उमगलं, कारण पश्चिमेला आता मधल्या पानांची कडही पिवळी पडत चालली होती आणि पूर्वेला ती पडत नव्हती. मी नुसत्या वरच्या चार पानांचा नवा रकाना आखला. पुढच्या महिन्यात पुन्हा चार दिवस आले, मी पुन्हा बाजाराचा दिवस साधून पूर्वेत शिरले, उरलेली राख घातली. या वेळी डोळे मिटले नाहीत.

माझी नात कृषी विद्यापीठात शिकते. पानांचा अहवाल तिला मोबाईलवर येतो. तिला ही हकिकत सांगितली तर म्हणाली, "आजी, प्रयोग कच्चा आहे. राख आणि तुझे पाय, दोन्ही एकाच बाजूला घातलेस." मी म्हटलं, "बाई, मला राख नव्हती सिद्ध करायची, पाय सिद्ध करायचे होते." ती हसली, पण तिला ते पटलेलं नाही.

पितृपक्ष सरल्यावर साहेब आले. खाकी टोपी, हातात छडी, बरोबर लोणकर. वाडीतले सगळे पुरुष बांधावर जमले. आई त्या दिवशी स्वतः बाजूला बसलेली होती, म्हणून ती लांब, बाभळीखाली वैरण तोडत होती. रान दोन रंगांचं दिसत होतं, आंधळ्यालाही कळावं इतकं. पूर्व गर्द हिरवी, पश्चिम कडांनी भाजलेली. साहेबांनी दोन्हीकडचं एकेक झाड उपटलं. पूर्वेच्या झाडाला शेंगांचा घोस होता, पश्चिमेच्या झाडाला मोजक्या, त्याही पोचट. "इकडं काय केलंत?" त्यांनी विचारलं. लोणकर तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याच पुढं झाली. पदर नीट करून, शांतपणे.

"सायब, मी सांगते. पोरीचं रानात जाणं-येणं बंद क्येलं. पार बंद. म्हनून ही बाजू वाचली. त्या बाजूला आधीच सावली पडून गेली हुती, ती काय सुधारली न्हाय."

पुरुषांनी माना हलवल्या. त्यांना ते लगेच पटलं. तात्यासुद्धा समाधानानं पूर्वेकडं बघत होते. माझ्या हिरव्या बारा ओळी, माझी सहा पाट्या राख, सगळी माझ्याच विरुद्ध साक्षीला उभी राहिली होती. दत्तू वही घ्यायला पुढं आलाही होता. त्याच्या हाताला तंबाखूचा वास येत होता, तो मला अजून आठवतो.

मी वही पाठीमागं धरली. "आत्या, उलटं हाय," मी म्हटलं. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हटलं. "उलटं हाय. पश्चिमेला मी तुमी सांगितल्यापासनं पाऊल ठिवलं न्हाय. पूर्वेला मी ग्येले हुते. बाजूला बसल्याली असताना. दोन महिने, दोन येळा. एकेका ओळीतनं चालले आन् माज्या हातानं राख घातली. सावली पडली ती हिरव्या बाजूला पडली."

असं वाक्य त्या बांधावर पुरुषांसमोर कुणी कधी बोललं नव्हतं. लोणकर सायकलच्या घंटीकडं बघायला लागले. एकजण थुंकला आणि निघून गेला. तात्यांचे कान लाल झाले. मला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि बसली असती तरी मी शब्द मागं घेणार नव्हते. आत्या आधी पांढरी पडली आणि मग तिला आवाज फुटला. "खोटं! धडधडीत खोटं बोलतीया! वहीसाठी लाज सोडली कार्टीनं! हिनं तवा पाऊल टाकल्यालं कुनी बघितलंय?"

कुणी बघितलं नव्हतं. सगळी वाडी बाजाराला गेलेली.

"मला म्हाईत हाय." आवाज बाभळीकडून आला. आई उठून उभी राहिली होती. विळा खाली ठेवला होता. "मी तिची आई हाय. तिचं दिस मी मोजते. दोनी येळंला तिच्या पायाला रानातली माती हुती आन् रांजणातली राख कमी हुती. खरं बोलतीया ती."

"तिथनंच बोल!" आत्या ओरडली. "फुडं येऊ नगंस. रान हाय!"

आई पुढं आली. आमच्या घरात आई कधी कुणाच्या वाटेत आली नव्हती. आत्याचं बोलणं खाली मान घालून ऐकायची आणि नंतर गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलायची. ती बांधावर चढली तसे पुरुष शिवाशिवीच्या भीतीनं दोन्हीकडं सरकले, आणि तिला मोकळी वाट मिळाली. लोणकरांनी साहेबांना दाखवायला मागवलेली राखेची पाटी बांधावर होती. तिनं ती कमरेवर घेतली आणि पश्चिमेच्या, करपलेल्या ओळीत उतरली. मूठ भरून राख पहिल्या झाडाच्या मुळाशी टाकली. मग दुसऱ्या. घाई केली नाही. एकदाही वर बघितलं नाही.

तात्या तिच्याकडं बघत होते. ओळ अर्धी झाली. मग तात्यांनी दत्तूला हातानं बाजूला केलं आणि मला म्हणाले, "उबी का? लिही."

"काय लिहू?"

"राख कुनी टाकली ते. कवा टाकली ते. समदं लिही, ऱ्हायला नगं."

मी गुडघ्यावर वही ठेवली. आईचं नाव मी तोवर कधी लिहिलं नव्हतं, कुणी लिहिलेलं बघितलंही नव्हतं. घरात तिला सगळे तारेची आई म्हणायचे. मी सरकारी रेघेवर स्वच्छ अक्षरात लिहिलं: पश्चिमेच्या पहिल्या ओळीला राख. घालणारी चंद्रभागा. बाजूला बसल्याचा तिसरा दिवस. शाई वाळायच्या आत साहेबांनी वही मागितली. त्यांनी ती ओळ वाचली, टोपी काढून पुन्हा वाचली, आणि खाली सही केली.